निकेल-आधारित महामिश्रधातूंतील स्थानभ्रंश

स्थानभ्रंश किंवा डिसलोकेशन हा स्फटिकातील अणूंच्या मांडणीत असणारा रेषारूप दोष होय. निकेल-आधारित महामिश्रधातूंचे, म्हणजेच सुपरअलॉयचे, कायमस्वरूपी विरूपण मुख्यतः या दोषांच्या हालचालीमुळे घडते. जेट इंजिनाच्या सर्वाधिक तप्त भागातील टर्बाइनची पाती याच मिश्रधातूंची असतात. फिरताना पाते बाहेरच्या दिशेने सतत ताणले जाते व हळूहळू लांबते. या क्रियेस विसर्पण म्हणतात. पाते प्रमाणाबाहेर लांबले, तर ते भोवतालच्या आवरणास घासते किंवा तुटते. म्हणून स्थानभ्रंशांना अडवणे हाच या धातूंच्या रचनेमागील मुख्य हेतू आहे.

अणूंचा एक संपूर्ण थर दुसऱ्यावरून एकदम सरकवण्यास जेवढे प्रतिबल लागावे, त्याहून कितीतरी कमी प्रतिबलाने शुद्ध धातू वाकतात. या विसंगतीचा उलगडा १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे केला. जड सतरंजी अखंड ओढण्याऐवजी एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी थोड्या श्रमात सरकते. स्थानभ्रंश ही अणूंच्या थरातील तशीच सुरकुती होय.

दोन प्रावस्था

या मिश्रधातूंत दोन मुख्य प्रावस्था असतात. गॅमा प्रावस्थेत निकेल व इतर धातूंचे अणू फलककेंद्रित घन जालकात निश्चित क्रमाविना विखुरलेले असतात. गॅमा-प्राइम प्रावस्थेत मात्र तीन निकेल अणूंस एक ॲल्युमिनियम अणू असा पक्का क्रम असतो. एकस्फटिकी पात्यांत गॅमा-प्राइमचे सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे घनाकार कण आकारमानाचा ६० ते ७० टक्के भाग व्यापतात. त्यांच्यामध्ये गॅमाच्या अरुंद गल्ल्या उरतात.

गॅमातील स्थानभ्रंश एकटा गॅमा-प्राइममध्ये शिरला, तर तेथील क्रम बिघडतो आणि त्याच्या मागे प्रतिप्रावस्था सीमा नावाचा, अधिक ऊर्जेचा पृष्ठभाग उरतो. पाठोपाठ दुसरा स्थानभ्रंश गेल्यास क्रम पूर्ववत होतो. त्यामुळे स्थानभ्रंश येथे जोडीनेच प्रवास करतात. प्रतिबल अपुरे असल्यास त्यांना कणांत शिरता येत नाही व ते गल्ल्यांतूनच वाकून वाट काढतात.

तापमानाचा परिणाम

बहुतेक धातू तापल्यावर मऊ होतात. गॅमा-प्राइम मात्र सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यास अधिक बळकट होते, आणि ही या विषयातील सर्वांत लक्षणीय बाब म्हणावी लागेल. उष्णतेमुळे जोडीतील स्थानभ्रंशाचा काही भाग नेहमीच्या सर्पण-प्रतलावरून घनाच्या फलकाला समांतर असलेल्या प्रतलावर जातो. तेथे प्रतिप्रावस्था सीमेची ऊर्जा कमी असली तरी सरकणे कठीण असते, आणि संपूर्ण जोडी अडकून पडते. या अडकणीला कीअर-विल्सडॉर्फ कुलूप म्हणतात. तापमान आणखी वाढले की याच प्रतलावर सर्पण सुलभ होते व बळकटी घटू लागते.

सुमारे १,००० अंशांच्या आसपास अणूंचे विसरण वेगाने होते. स्थानभ्रंश आपले प्रतल सोडून वर चढतात आणि कणांना वळसा घालतात. दोन प्रावस्थांच्या सीमेवर त्यांचे जाळे विणले जाते. घनाकार कणही एकमेकांस जुळून, बहुतेक मिश्रधातूंत ताणाच्या दिशेला लंब अशा, चपट्या पट्ट्या बनवतात. ऱ्हेनियमचे अल्प प्रमाण विसरण मंदावते. हा धातू अतिशय दुर्मीळ व महाग असूनही प्रगत पात्यांत म्हणूनच वापरला जातो.