तळटीप : ‘पॅक’ आणि ‘बॅग’

* हा घोटाळा कानाचा नाही, हाताचा आहे. म्हणून अनुवादात दोन्ही शब्द इंग्रजीच ठेवले. ‘बांध’ आणि ‘पिशवी’ लिहिले असते तर चूक झालीच कशी, हे वाचकाला कळले नसते. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेल्या शॉर्टहँडमध्ये स्पेलिंग पाहत नाहीत, उच्चार लिहितात. ‘प’ आणि ‘ब’ला एकच तिरकी रेघ : ‘प’ची बारीक, ‘ब’ची दाबून. ‘क’ आणि ‘ग’च्या आडव्या रेघेलाही तोच नियम. घाईत पेन्सिलीवर जोर पडला की ‘पॅक’ची ‘बॅग’ होते. स्वर बहुधा गाळलेलेच असतात. ‘पॅक’, ‘पेक’ आणि ‘पिक’ यांची आकृती एकच. ती ओळीच्या वर काढली आहे, ओळीवर टेकवली आहे की ओळ छेदून नेली आहे, यावरून स्वर ओळखायचा. बाकीचे काम संदर्भाचे. मोडी वाचणाऱ्यांना ही कसरत नवी नाही. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सुटे लिहीत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे वाक्यच सांगते. पुढच्या प्रकरणात लेखक मराठी शॉर्टहँडकडे वळतात. ‘ट’ आणि ‘त’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ हे भेद इंग्रजी रेघांना कधी लागलेच नव्हते. मराठीत मात्र ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे दिसावेच लागतात. त्या प्रकरणातली अशी उदाहरणे जशीच्या तशी ठेवली आहेत. – संपादक