शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन : पक्षतत्त्वे आणि हत्ती हे चिन्ह

राजकीय पक्षांच्या इतिहासलेखनात जाहीरनामे, अधिवेशने आणि नेतृत्व यांची चर्चा विस्ताराने होते; निवडणूक चिन्हाचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष श्रमिकांच्या हितसंबंधांवर उभा होता. खोती नष्ट करण्याचे १९३७ चे विधेयक आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतील संप ही त्याची साक्ष होय. क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या मागण्यांना स्थान मिळाले नाही, तेव्हा जुलै १९४२ मध्ये नागपूर येथील परिषदेत फेडरेशनचा जन्म झाला. संघटनेचा पाया वर्गाकडून जातीकडे वळला. स्वतंत्र मतदारसंघ व स्वतंत्र वसाहती या मागण्या पुढे आल्या. १९५१ च्या जाहीरनाम्यात मात्र सूर पुन्हा व्यापक झाला. साम्यवाद, समाजवाद, गांधीवाद यांपैकी कोणत्याही 'वादा'शी पक्ष बांधलेला नसून त्याची दृष्टी बुद्धिवादी व आधुनिक राहील, असे त्यात नमूद आहे.

याच टप्प्यावर हत्ती देशभरातील मतदारापुढे आला. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता सुमारे १८ टक्के होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती यांच्या शेजारी हत्ती उभा राहिला. चित्र प्रथमदर्शनी ओळखू येणे, हीच येथे रचनेची खरी कसोटी होती. तत्त्वज्ञानाचा भार त्या चित्रावर नव्हता, आणि बुद्धिवादाचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाला ते एका अर्थी सोयीचेच होते. त्या निवडणुकीत फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. स्वतः बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले.

अर्थ मागाहून चिकटले. १९५६ च्या धर्मांतरानंतर मायादेवीच्या स्वप्नातील हत्तीशी या चिन्हाचे नाते जोडणे स्वाभाविक झाले. परंतु चिन्ह धर्मांतराच्या आधीचे आहे, हा कालक्रम अनेक विवेचनांत दृष्टिआड होतो.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. स्वातंत्र्य, समता, बंधुता व न्याय ही राज्यघटनेच्या सरनाम्यातील मूल्ये त्याने उद्दिष्टे म्हणून स्वीकारली. हत्ती जुनाच राहिला. पुढे 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. फुटींच्या या मालिकेत महाराष्ट्रातील आंबेडकरी पक्षांच्या हातून हत्ती गेला, आणि १४ एप्रिल १९८४ रोजी कांशीराम यांनी स्थापन केलेल्या बहुजन समाज पक्षाने तो उत्तर भारतात रुजविला. 'बहुजन' या कल्पनेची व्याप्ती फेडरेशनच्या अनुसूचित जातींपुरत्या चौकटीपेक्षा कितीतरी मोठी होती. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या परंपरेतून आलेल्या याच हत्तीला २००७ च्या उत्तर प्रदेशातील प्रचारात गणपतीचे रूप देण्यात आले, ही घटना चिन्हाच्या लवचिकतेइतकीच तत्त्वांच्या ताणाचीही द्योतक मानावी लागेल. जानेवारी २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने लखनौ व नोएडा येथील स्मारकांतील दगडी हत्ती झाकण्याचा आदेश दिला. आसामात मात्र हत्ती हे आसाम गण परिषदेचे चिन्ह असल्याने बहुजन समाज पक्षाला तेथे ते वापरता येत नाही.