जुन्या मोटारसायकलीचा फ्यूज बॉक्स बदलताना

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलींचे इंजिन, रंग आणि क्रोमचे भाग यांवर मालक मोठा खर्च करतात. बॅटरीशेजारच्या फ्यूज बॉक्सकडे मात्र वाहन रस्त्यात बंद पडेपर्यंत क्वचितच कोणाचे लक्ष जाते. या वाहनांमधील वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून, सांगाड्याला लागून जाते. तिचे आवरण कालांतराने कडक होऊन तडकते आणि उघडी तार सांगाड्याला टेकली की शॉर्ट सर्किट होते. अशा वेळी आग रोखणारे साधन एकच असते : योग्य क्षमतेचा फ्यूज आणि त्याला घट्ट धरून ठेवणारा बॉक्स.

भारतात अशा वाहनांची संख्या मोठी आहे. मद्रासमध्ये १९५५ पासून बुलेटची जुळणी सुरू झाली, तर म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि येझदी बाहेर पडल्या. त्यांच्या जोडीला ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन या ब्रिटिश बनावटीच्या मोटारसायकलीही संग्राहकांनी जपल्या आहेत. फ्यूज बॉक्स बदलण्याची मूलतत्त्वे या सर्वांना सारखीच लागू होतात. मात्र ब्रिटिश वाहनांच्या बाबतीत काही विशेष खबरदारी घ्यावी लागते.

फ्यूज कोणाच्या रक्षणासाठी?

फ्यूज हा दिव्याचे किंवा हॉर्नचे रक्षण करतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो वायरचे रक्षण करतो. मर्यादेपेक्षा अधिक विद्युतप्रवाह वाहू लागला की वायर तापते, आवरण वितळते आणि शेजारच्या वायरीही उघड्या पडतात. तसे होण्यापूर्वी फ्यूजमधील बारीक तार वितळावी, अशी ही योजना आहे. म्हणूनच फ्यूजची क्षमता त्यापुढील सर्वांत बारीक वायरच्या क्षमतेपेक्षा कमी असली पाहिजे.

जळालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे किंवा तांब्याची तार बांधणे हा रस्त्यावरचा जुना उपाय. त्यामुळे वाहन घरी पोहोचतेही. परंतु तेव्हापासून फ्यूजचे काम वायरच करू लागते आणि पुढच्या बिघाडात वितळते ती तीच.

दोष फ्यूजचा की बॉक्सचा?

जुन्या बॉक्समधील काचेचा फ्यूज दोन्ही टोकांना पितळी चिमट्यांत बसवलेला असतो. वर्षानुवर्षांच्या कंपनांमुळे आणि उष्णतेमुळे चिमट्यांचा ताण कमी होतो, दमट हवेने त्यांवर हिरवट थर चढतो आणि संपर्क ढिला पडतो. फ्यूज शाबूत दिसतो, तरीही दिवा मंद जळतो किंवा इंजिन अधूनमधून बंद पडते.

याचे गणित सोपे आहे. खराब संपर्कामुळे केवळ ०.१ ओहम इतका रोध निर्माण झाला आणि त्यातून १० ॲम्पिअर प्रवाह वाहिला, तर तेथे १ व्होल्ट वाया जातो आणि १० वॅट उष्णता तयार होते. मागच्या ५ वॅटच्या दिव्याच्या दुप्पट असलेली ही उष्णता प्लॅस्टिकच्या लहानशा डबीत कोंडली जाते. वाहन ६ व्होल्टचे असेल तर तो एक व्होल्ट म्हणजे एकूण दाबाचा सहावा भाग होय. शिवाय तेवढ्याच वॅटच्या दिव्यासाठी ६ व्होल्टच्या यंत्रणेत १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट प्रवाह लागतो. त्यामुळे ढिल्या संपर्काचा फटका तिला अधिक बसतो.

चिमटे सैल असतील, बॉक्सचे प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळू लागले असेल किंवा घासूनही हिरवा थर पुन्हा येत असेल, तर बॉक्स बदलणे हाच योग्य मार्ग ठरतो.

आकड्यांचा आणि रंगांचा फेरा

नवा बॉक्स बसवताना सर्वांत मोठी चूक होते ती फ्यूजवरील आकडा जसाच्या तसा उतरवून घेताना. ब्रिटिश वाहनांतील लुकास पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ ॲम्पिअर असे छापलेले असे. हा आकडा फ्यूज वितळण्याचा आहे; सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे १७.५ ॲम्पिअर असतो. आजच्या पात्याच्या फ्यूजवरील आकडा मात्र सतत प्रवाहाशी निगडित असतो. त्यामुळे जुन्या ३५ च्या जागी नवा ३५ चा फ्यूज घातल्यास संरक्षण जवळपास अर्ध्यावर येते. साधारण १५ ॲम्पिअरचा पात्याचा फ्यूज हा त्याला जवळचा आणि सुरक्षित पर्याय आहे.

रंगांचेही तसेच. युरोपीय वाहनांतील चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पिवळा ५, पांढरा ८, तांबडा १६ आणि निळा २५ ॲम्पिअरचा असतो. पात्याच्या फ्यूजमध्ये तांबडा १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० ॲम्पिअरचा. केवळ रंग जुळवून पिवळ्याच्या जागी पिवळा बसवला, तर ५ ऐवजी २० ॲम्पिअरला मोकळी वाट मिळते. दिल्लीतील करोल बाग, चेन्नईतील पुदुपेट किंवा पुण्यातील नाना पेठ अशा सुट्या भागांच्या बाजारांतून खरेदी करताना रंगापेक्षा छापील आकडा पाहावा आणि आकडा नसलेला फ्यूज घेऊ नये.

किती फ्यूज असावेत?

अनेक जुन्या मोटारसायकलींत संपूर्ण यंत्रणेसाठी एकच फ्यूज असे. मॅग्नेटोवर चालणारे इंजिन फ्यूज गेल्यावरही सुरू राहते. बॅटरी आणि कॉइलवर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी : ब्रेकच्या दिव्याची वायर घासली गेली तरी तो एकमेव फ्यूज जातो आणि रात्रीच्या महामार्गावर इंजिन आणि दिवे एकाच क्षणी बंद पडतात. नवा बॉक्स चार फ्यूजचा घेतल्यास हा धोका टळतो. बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज ठेवून पुढे इग्निशन, हेडलाइट, मागचा व ब्रेकचा दिवा आणि हॉर्न अशी विभागणी करता येते.

प्रत्येक फ्यूजची क्षमता ठरवण्यासाठी वॅटला व्होल्टने भागावे. १२ व्होल्टवर ४५ वॅटचा हेडलाइट ३.७५ ॲम्पिअर प्रवाह घेतो. त्यात पाव ते निम्मी भर घालून येणारी जवळची क्षमता, येथे ५ ॲम्पिअर, निवडावी. वायरची क्षमताही तपासावी. वाहनांसाठीची २ चौरस मिलिमीटर जाडीची साधी पीव्हीसी वायर सुमारे १७.५ ॲम्पिअरपर्यंत वापरली जाते. बारीक वायरला त्याहून कमी मर्यादा असते.

काम करण्याचा क्रम

पहिली पायरी नोंदीची. जुन्या बॉक्सची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधावी आणि कागदावर आकृती काढावी. जुन्या वायरींचे रंग फिके पडलेले असतात आणि मधल्या काळात कोणी दुसऱ्याच रंगाचा तुकडा जोडलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासूनच तिचे नाव लिहावे.

ब्रिटिश मोटारसायकलींत येथेच गफलत होते. त्यांपैकी बहुतेकींत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते आणि तांबडी वायर ही अर्थिंगची असते. आजच्या सवयीने तांबड्या वायरला प्रवाही समजून फ्यूज बॉक्सला जोडले, किंवा बॅटरी उलटी बसवली, तर रेक्टिफायर आणि झेनर डायोड निकामी होऊ शकतात. नव्या बॉक्सकडे जाणारी प्रवाही वायर अशा वाहनांत ऋण अग्रापासून निघते.

बॅटरी सोडवताना सांगाड्याला जोडलेले अग्र आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे. असे केल्यास पाना चुकून सांगाड्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा. शक्य असल्यास टाकी उतरवून दूर ठेवावी.

नवा बॉक्स झाकणाचा असावा आणि बाजूच्या पत्र्यामागे किंवा सीटखाली, पाणी साचणार नाही अशा ठिकाणी बसवावा. वायरींची टोके जोडण्यासाठी दाबून बसणारी टर्मिनल आणि त्यासाठीचा खास पकडीचा पाना वापरावा. केवळ डाख दिलेला जोड कंपनांमुळे डाख संपतो तेथेच तुटण्याची शक्यता असते. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी कडी घालावी आणि हँडल पूर्ण वळवूनही वायरीवर ताण येत नाही, याची खात्री करावी.

बॅटरी जोडल्यानंतर लगेच फ्यूज घालू नये. मुख्य फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडावा आणि सर्व स्विच बंद ठेवावेत. बल्ब पूर्ण प्रखर पेटला तर कोठेतरी शॉर्ट सर्किट आहे. मात्र प्रवाह बल्बमधून जात असल्यामुळे वायर जळत नाही आणि दोष शांतपणे शोधता येतो. बल्ब न पेटल्यास फ्यूज बसवून एकेक स्विच सुरू करावा. अखेरीस दिवे चालू असताना प्रत्येक फ्यूजच्या दोन्ही बाजूंमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ व्होल्टपेक्षा अधिक भरल्यास जोड पुन्हा तपासावा.

यानंतरही एखादा फ्यूज वारंवार जात असेल, तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे. ती वायरमधील दोषाची सूचना आहे.

मूळ रूपाचा प्रश्न

आधुनिक बॉक्समुळे वाहनाचे मूळ रूप बिघडेल, ही संग्राहकांची शंका रास्त आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध असते. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांतील मोठे फेरबदल या व्याख्येच्या आड येतात. फ्यूज बॉक्स या तिन्हींत मोडत नाही.

तरीही जाणकार कारागीर मूळ वायरिंग कापत नाहीत. जुन्या बॉक्सला जोडलेल्या टोकांवरच बसतील असे जोड बनवून नवा बॉक्स मधे घातला जातो, जेणेकरून तो कधीही काढून पूर्वीची मांडणी परत आणता यावी. काहीजण जुन्या बॉक्सचे कवच जागेवर ठेवून नवा बॉक्स आत दडवतात. उतरवलेला बॉक्स, चिठ्ठ्या आणि आकृती एका पाकिटात घालून वाहनाच्या कागदपत्रांसोबत ठेवणे हिताचे. पुढच्या मालकाला किंवा मिस्त्रीला कोणती वायर कोठून कोठे जाते, हे त्यातून समजते.