सुटकेच्या नावाने : इमादशाहीचा शेवट

बहमनी राज्याच्या पाच शकलांविषयी बोलताना वऱ्हाडची इमादशाही आपण एका वाक्यात आटोपतो : १५७४ साली ती निजामशाहीत विलीन झाली. ‘विलीन’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. नदी समुद्रात विलीन होते. राज्य मात्र कोणीतरी बुडवावे लागते.

या राज्याचा संस्थापक फतहउल्ला इमादउल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण. बालपणी युद्धकैदी म्हणून तो बहमनी राज्यात आला आणि पुढे वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. आणि पाठीशी सातपुड्याच्या रांगेतले दोन किल्ले, गाविलगड व नरनाळा. बंदिवासातून सुरू झालेली ही कथा बंदिवासातच संपावी, हा इतिहासाचा क्रूर योगायोग होय.

दर्या इमादशहानंतर, १५६२ च्या सुमारास, त्याचा अल्पवयीन मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. सत्ता गेली कारभारी तुफालखानाच्या हाती. त्याने धन्यालाच नरनाळ्यावर कोंडले आणि राज्य बळकावले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत इतर चार सुलतान एकत्र आले, तेव्हा वऱ्हाड त्यांत नव्हते. पुढे विजापूर आणि अहमदनगर यांच्यात समझोता झाला : आदिलशहाने कर्नाटकात मुलूख मिळवावा, निजामशहाने वऱ्हाड घ्यावे. वऱ्हाडचे भवितव्य वऱ्हाडच्या गैरहजेरीतच ठरले.

मात्र मुर्तजा निजामशहाने उघडपणे मागितली ती बुऱ्हाणची सुटका. अन्याय खरा होता, कैदी खरा होता. म्हणून निमित्तही भक्कम ठरले. १५७२ मध्ये स्वारी सुरू झाली. १५७४ पर्यंत नरनाळा पडला, गाविलगडही गेला. तुफालखान पकडला गेला. आणि बुऱ्हाण? तो सुटला नाही. त्याला ज्याने कोंडले होते, त्याच्याबरोबरच त्याचीही रवानगी निजामशाही कैदेत झाली आणि तेथेच दोघांचा अंत झाला. एकाने त्याच्या नावाने राज्य चालविले, दुसऱ्याने त्याच्याच नावाने ते जिंकले.

ही हकीकत आपल्याला मुख्यतः फेरिश्त्याकडून कळते. तो आधी अहमदनगरच्या आणि नंतर विजापूरच्या दरबारी राहिला. म्हणजे वऱ्हाडच्या अंताची कथा सांगणारा त्याच दोन दरबारांतला, ज्यांनी तो अंत ठरविला. बुऱ्हाणच्या बाजूने लिहिणारा कोणी आपल्यापर्यंत पोहोचला नाही. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. निवेदक कोण, हा प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. तो बखर-तवारिखांनाही विचारायला हवा.

विजेत्यांनाही वऱ्हाड फार काळ लाभले नाही. १५९६ मध्ये अहमदनगरचा वेढा उठावा म्हणून चांदबिबीला ते अकबराच्या हवाली करावे लागले. अवघी बावीस वर्षे! गाविलगडाच्या दरवाजावरचे गंडभेरुंड आजही पाहणाऱ्याला थबकवते. नरनाळ्यावर बुऱ्हाणच्या कोठडीची खूण मात्र कोणी दाखवीत नाही. म्हणूनच पुढच्या वेळी वर्गात ‘विलीन’ हा शब्द ओठांवर आला, तर क्षणभर त्या कैदी राजाची आठवण व्हावी.