हवाईयन भाषा : पुनरुज्जीवन

प्रशांत महासागरातील हवाई बेटांची पॉलिनेशियन कुळातील मूळ भाषा. हवाईच्या राज्यात ती दरबारात, न्यायालयात व शाळेत चालत असे. १८३४ पासून तीत शंभराच्या आसपास वृत्तपत्रे निघाली. १८९३ मध्ये प्रामुख्याने अमेरिकी वंशाच्या व्यापाऱ्यांनी व मळेवाल्यांनी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले आणि १८९६ च्या कायद्याने शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. आपण भोगले ते मुलांच्या वाट्याला नको म्हणून पुढे आईबापही घरात इंग्रजी बोलू लागले आणि खरी तूट तिथे पडली. निइहाउ या खासगी मालकीच्या बेटावरील कुटुंबे वगळता १९८० च्या सुमारास घरी हवाईयन बोलणारी मुले जवळपास उरली नव्हती.

१९७८ मध्ये हवाईच्या राज्यघटनेने तिला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला. या निर्णयाचा गौरव फार होतो. पण १८९६ पासूनची शाळांतील आडकाठी त्यानंतरही कायम राहिली आणि १९८६ मध्ये निघाली. त्यामुळे पुनरुज्जीवनाचे श्रेय आधी पालक, शिक्षक आणि म्हाताऱ्या भाषकांकडे जाते. लॅरी किमुरा यांनी १९७२ पासून रेडिओवर वृद्धांना त्यांच्याच भाषेत बोलते केले. त्या शेकडो तासांच्या ध्वनिफिती आज उच्चार व वाक्प्रचार ताडून पाहण्याचा मोठा आधार आहेत. न्यूझीलंडमधील माओरी बालवाड्यांपासून स्फूर्ती घेऊन १९८३ मध्ये ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था उभी राहिली. तिची पहिली बालवाडी १९८४ मध्ये कौआइ बेटावरील केकाहा येथे, निइहाउकरांच्या वस्तीत सुरू झाली. पुस्तके नव्हती. पालक आणि शिक्षक इंग्रजी चित्रपुस्तके विकत आणत, मजकूर हवाईयनमध्ये उतरवत आणि कागदाच्या पट्ट्या कापून मूळ ओळींवर चिकटवत. पालकांना स्वतः भाषा शिकणे आणि शाळेसाठी श्रमदान करणेही बंधनकारक होते.

१९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग निघाले. त्यांतून बारावीपर्यंत शिकलेली पहिली मुले १९९९ मध्ये बाहेर पडली. जुन्या वृत्तपत्रांचे मोठे भांडार आता संगणकावर आले आहे. अजूनही बहुतेक मुलांना ही भाषा शाळेतच भेटते, ही चळवळीची मोठी चिंता आहे. मात्र मोठेपणी ती शिकलेली काही जोडपी आपल्या मुलांना जन्मापासून हवाईयनमध्येच वाढवत आहेत. हिलोजवळच्या प्रमुख हवाईयन माध्यम शाळेला हवाईच्या अमेरिकेतील विलीनीकरणाला विरोध करणारे संपादक जोसेफ नावाही यांचे नाव दिले आहे.