घोड्याच्या पायाखालचा माणूस

आपल्यापैकी बहुतेकांच्या देवघरात टाक आहेत. अंगठ्याएवढे, चांदीचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं-राखेनं घासून इतके गुळगुळीत झालेले की देवाचं नाक बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही. हल्ली नवा फ्लॅट घेतला की पोरं म्हणतात, हे झिजलेले पत्रे कशाला, मोडून छान लक्ष्मी-गणपती करून घेऊ. सोनाराचीही ना नसते. मी जन्मभर बँकेत होतो, मोडीत घट किती धरतात ते मला नका विचारू. पण मोडण्याआधी त्या पत्र्यावर काय काढलंय ते एकदा वाचायला पाहिजे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आमच्या ठाणाकुशनूरकडे, म्हणजे बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मराठी घरांत खंडोबाचा टाक हमखास सापडतो. घोड्यावर बसलेला देव, हातात उगारलेलं खड्ग, त्याच घोड्यावर म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रं. आणि सगळ्यात खाली, घोड्याच्या पायाखाली, एक आडवा माणूस किंवा नुसतं मुंडकं. आमची आजी पूजा करताना त्या खालच्या जागेलाही हळदीचं बोट लावायची. लहानपणी मी विचारलं, तो तर राक्षस, त्याला कशाला? ती म्हणाली, "त्यालाबी देवानं जागा दिल्याय की रे."

आजीला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट तिला बरोबर माहीत होती. मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, दैत्य. ऋषींना छळलं म्हणून शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेऊन त्यांच्याशी युद्ध केलं. 'मल्हारी माहात्म्य' या संस्कृत ग्रंथात हे सविस्तर आहे. मरताना मणी शरण आला. आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला आणि मागणं मागितलं की जिथं तुझं ठाणं, तिथं मलाही जागा असू दे. देवानं ते दिलं. मल्ल मात्र मरतानाही जगाचा नाशच मागत राहिला, म्हणून त्याचं मुंडकं देवळाच्या पायरीला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. काही ठिकाणी सांगतात की त्यालाही शेवटी उपरती झाली आणि त्यानं मागितलं की देवाच्या नावाआधी माझं नाव यावं. मल्लाचा अरि तो मल्लारि, तोच मल्हारी. 'जय मल्हार' म्हणताना आपण हरलेल्याचं नाव आधी घेतो, हे किती जणांच्या ध्यानात येतं?

म्हणजे देव ज्या घोड्यावर बसलाय तो घोडासुद्धा शत्रूचा आहे. युरोपात संत जॉर्जचं चित्र काढतात, तोही घोडेस्वार, भाल्यानं अक्राळविक्राळ प्राण्याला मारतो. त्या प्राण्याला कोणी नैवेद्य दाखवत नाही. इथं खंडोबाला पुरणपोळी आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा. बकऱ्याचं मांस असलं तर ते मणीचं, कारण देव स्वतः शाकाहारी. एकाच ओट्यावर दोघांचं पान वेगळं, पण उपाशी कोणी नाही.

आता घोड्यावरच्या बाईकडे या. म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बानू, चंदनपुरीची धनगराची. काही टाकांवर दोघी असतात, काहींवर एकटी म्हाळसा आणि बानूचा टाक निराळा. कन्नड मुलखात देव हाच, नाव मैलार, आणि तिथली मेंढपाळाची लेक कुरुबत्यव्वा, म्हणजे कुरुब समाजाची. दुकानदाराची पोर आणि मेंढक्याची पोर, दोघींना एका घरात नांदवणारा देव आहे हा. सवतींची भांडणं वाघ्या-मुरळीच्या जागरणात किती रंगवून सांगतात ते तुम्ही ऐकलंच असेल. मला विचाराल तर त्या भांडणात पेठ आणि रान यांच्यातला खरा व्यवहार दडलाय. मेंढरांच्या कळपाशिवाय लोकर नाही, शेताला खत नाही, आणि वाण्याशिवाय मेंढक्याला मीठ नाही, उधारी नाही.

जागरणाचं नाव निघालं म्हणून सांगतो, या परंपरेत सगळंच गोड नव्हतं. मुरळी म्हणून पोरी देवाला सोडायचे. सोडणाऱ्यांनी नवस फेडला, भोगलं पोरीनं. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा १९८२ चा. देवाच्या नावावर जे चाललं तेही त्याच खात्यात मांडलं पाहिजे, नुसती जमेची बाजू दाखवून चालत नाही.

हातातल्या वस्तूंचंही तसंच. खड्ग म्हणजे खंडा, त्यावरून खंडोबा. मूर्ती बसलेली असेल तर चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र. त्रिशूळ-डमरूनं तो शंकर आहे हे कळतं, खड्गानं राजा. आणि भंडारा म्हणजे काय, तर हळदीची पूड! घरोघरी असते, गरिबाला परवडते. कुत्रं शिकाऱ्याचं, मेंढक्याचं, आणि भैरवाचंही. वाघ्ये पूर्वी देवापुढं कुत्र्यासारखं भुंकून कोटंब्यातलं खायचे. शहरातल्या माणसाला ते ऐकून अवघडल्यासारखं होतं, पण त्यांच्या लेखी आपण देवाच्या दारचं कुत्रं, ही मोठी पदवी होती.

बीदरजवळ भालकी तालुक्यात खानापूरला मैलार मल्लण्णाचं देऊळ आहे. तिथं एकाच रांगेत कन्नड, मराठी आणि तेलुगू ऐकू येतं. आपण 'येळकोट येळकोट' ओरडतो, तो शब्दच मुळात कन्नड, एळु कोटी, म्हणजे सात कोटी. देवाच्या सैन्याचा आकडा म्हणे. पुण्या-जेजुरीचा माणूस बेंबीच्या देठापासून कन्नड आकडा ओरडतो आणि त्याला पत्ताही नसतो. जेजुरीत त्याच देवाला मल्लूखान आणि अजमतखान हीही नावं आहेत. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ साली 'खंडोबा' हे पुस्तक लिहिलं, आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे जर्मन प्राध्यापक सोंथायमर हे धनगरांबरोबर रानोमाळ हिंडून या देवावर लिहीत राहिले. दोघांनीही या देवाला एका भाषेच्या किंवा एका जातीच्या दावणीला बांधलं नाही.

सीमा आमच्यावरून १ नोव्हेंबर १९५६ ला गेली. हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा तीन वाटांनी फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, काही भाग आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात. आमचे चुलत आजोबा उदगीरकडे, आम्ही इकडे. जमिनीचे कागद निराळ्या कचेऱ्यांत गेले, पोरांच्या शाळेची भाषा बदलली. टाक मात्र थोरल्या घरी राहिले आणि धाकट्यांनी त्यांवरून नवे करून घेतले. अशी वाटणी तुमच्याकडेही झाली असेल. देव भागिले दोन होत नाही, त्याची दुसरी प्रत निघते.

जिथं प्रत काढायची नाही असं ठरलं, तिथं काय करतात ते अणदूर-नळदुर्गला बघा. तुळजापूर तालुक्यातली ही गावं, देवळं दोन आणि मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मूर्ती हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामाचा कागद! नोकरीत मी हजारो करारांवर सह्या घेतल्या, पण इतक्या नेमानं पाळला जाणारा दुसरा माझ्या बघण्यात नाही.

आता कामाचं. झिजलेले टाक बदलायला हरकत नाही, आपल्याकडे ते पूर्वीपासून बदलतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकायचा, मागं तांब्याचा पत्रा, की झाला टाक. अडचण ठशाची आहे. बाजारात आता जे तयार ठसे दिसतात, त्यांत देव देखणा आणि घोडा ठसठशीत, पण पुष्कळदा कुत्रं गायब आणि पायाखालचा मणीही गायब. म्हणून जुने टाक मोडीत घालण्याआधी तिरप्या उजेडात धरून त्यांचे फोटो काढून ठेवा, तिरप्या उजेडात झिजलेली रेषही उठून दिसते. सोनाराला तोच फोटो दाखवा आणि मणी असलेला ठसा मागा. शेजारचे घोडेस्वार वीरांचे टाक असतील तर कोणता कोणाच्या नावाचा ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून लिहून ठेवा, कारण त्यांवर नाव कोरलेलं नसतं.

आणि तुमच्या टाकावर कुत्रं घोड्याच्या पुढं आहे की मागं, म्हाळसा देवाच्या पुढं बसलीय की मागं, तेवढं बघून खाली लिहा. सोबत मूळ गाव लिहायला विसरू नका.