इंजिनची पाण्याची धार थांबली? आधी इंजिन बंद करा, मग कचरा काढा; होडीवाल्यांसाठी सविस्तर माहिती

होडी खाडीतून बाहेर पडलेली असते. इंजिन नीट चालत असतं आणि मध्येच मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते. थोड्या वेळाने बजर वाजतो. ‘बंदरावर गेल्यावर बघू’ म्हणत होडी तशीच पुढे नेली जाते आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. पाच-दहा मिनिटांचं काम टाळल्याने इंजिन जाम होऊ शकतं. दुरुस्तीचा खर्च तर येतोच, शिवाय भर समुद्रात होडी वाऱ्यावर सोडल्यासारखी होते.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापासून वरच्या किनाऱ्यापर्यंत मासेमारीच्या आणि पर्यटनाच्या अनेक छोट्या होड्यांना मागे आउटबोर्ड इंजिन असतं. त्याचं पाणी कुठून येतं, कशाने तुंबतं आणि ते कसं मोकळं करायचं, ते पाहू.

पाणी येतं कुठून?

आउटबोर्ड इंजिन थंड ठेवण्याचं काम समुद्राचंच पाणी करतं. इंजिनचा जो पाय पाण्यात असतो, त्यावर पंख्याच्या थोडं वर बारीक फटी किंवा छोट्या जाळ्या असतात. बहुतेक इंजिनांना त्या दोन्ही बाजूंना असतात. तिथून पाणी आत ओढलं जातं. आतला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, ते वर ढकलतो. इंजिनभोवती फिरून बहुतेक पाणी खाली जातं आणि थोडं मागच्या छोट्या भोकातून धारेने बाहेर पडतं. पाणी फिरतंय की नाही, ते या धारेवरून कळतं. म्हणून होडी सोडताना आणि चालवतानाही अधूनमधून मागे वळून तिच्याकडे बघण्याची सवय हवी.

कशाने तुंबतं?

सगळ्यात जास्त त्रास प्लास्टिकच्या पिशव्यांचा. पावसात नदी-नाल्यांतून वाहून आलेला कचरा ओहोटीला खाडीच्या मुखाशी येतो आणि फटींवर चिकटून बसतो. त्याशिवाय शेवाळ, जाळ्याचे तुकडे, जेलीफिश आणि उथळ पाण्यातला चिखल व वाळू असतेच. होडी बरेच दिवस पाण्यात उभी असेल तर फटींवर शिंपल्यांसारखं कवच धरतं.

धार थांबली तर काय करायचं?

१. लगेच वेग कमी करा. आसपास खडक किंवा फुटणाऱ्या लाटा नसतील तर इंजिन बंद करा. संगमावर किंवा खडकांजवळ असाल तर कमीत कमी वेगात मोकळ्या पाण्यात या आणि मग बंद करा. अशा जागी इंजिनपेक्षा माणसं महत्त्वाची.

२. नांगर टाका. पाणी खोल असेल तर वल्ही हाताशी ठेवा. होडी कुठे वाहतेय, त्यावर एकाने लक्ष ठेवावं.

३. गिअर न्यूट्रलला आणा आणि सुरक्षा दोरीची क्लिप काढून घ्या. चुकून कोणी स्टार्टर ओढला तरी पंखा फिरता कामा नये.

४. इंजिन वर उचलून लॉक करा. मागे एकानेच जावं, बाकीच्यांनी पुढे सरकावं. सगळे मागे जमले तर छोट्या होडीत मागून पाणी शिरतं. वाकून काम करणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट असायलाच हवं.

५. दोन्ही बाजूंच्या फटी बघा. पिशवी, शेवाळ हाताने काढा. जेलीफिश अंगाला लागली तर आग होते, म्हणून हातमोजा घाला. फटीत अडकलेला कचरा ब्रशने किंवा लाकडी काडीने बाहेरच्या बाजूला ओढा. आत ढकलला तर तो पंपात जाऊन बसतो. पंख्याला दोरी किंवा जाळं गुंडाळलं असेल तर तेही आत्ताच काढा.

६. बजर वाजला असेल किंवा इंजिन खूप तापलं असेल तर ते निवू द्या. अर्धा तास गेला तरी चालेल.

७. इंजिन खाली करा, क्लिप लावा, न्यूट्रलमध्येच हळू चालू करा. साधारण अर्ध्या मिनिटात धार दिसायला हवी. मिनिटभर वाट पाहूनही आली नाही तर पुन्हा बंद करा.

पिशवीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन बंद केलं की ओढ थांबते आणि पिशवी आपोआप सुटते. ‘काही नव्हतंच’ असं वाटून परत चालू केलं की तीच पिशवी पुन्हा चिकटते. म्हणून इंजिन उचलून खात्री करा.

तरीही धार नाही?

कधी कधी पाणी आत फिरत असतं, फक्त धारेचं भोक मिठाने किंवा वाळूने बुजलेलं असतं. इंजिन बंद ठेवून त्यात जाड तंगूस हलक्या हाताने घालून मोकळं करा. टोकदार खिळा घालू नका.

भोक मोकळं, फटी साफ आणि तरीही पाणी नाही, तर बहुधा इंपेलर गेलेला असतो. पाण्याशिवाय इंजिन थोडा वेळ चाललं तरी त्याची रबरी पाती जळतात किंवा तुटतात. हे काम मेकॅनिककडून करून घ्यावं. जुना इंपेलर काढल्यावर पाती मोजायला सांगा. एखादं कमी असेल तर तो तुकडा आतल्या वाटेत अडकलेला असू शकतो. तो काढला नाही तर नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं.

मोठ्या बोटीचं डिझेल इंजिन

आतल्या इंजिनाला समुद्राचं पाणी बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून आणि गाळणीतून येतं. इथे क्रम चुकला तर बोटीत पाणी भरू शकतं. आधी इंजिन बंद, मग व्हॉल्व्ह बंद, त्यानंतरच गाळणीचं झाकण उघडायचं. गाळणी धुवा, झाकणाचं रबर तपासा आणि घट्ट बसवा. झाकण ढिलं राहिलं तर तिथून पाणी गळतं किंवा पंप हवा ओढतो.

चालू करण्याआधी व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका. यावर सोपा उपाय म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला की इंजिनची चावी त्याच्याच दांड्याला अडकवायची. गाळणी साफ असूनही पाणी येत नसेल तर तळाचं तोंड बाहेरून बुजलेलं असू शकतं. ते काम बंदरावर, इंजिन बंद करूनच करावं.

हे करू नका

– इंजिन चालू असताना फटींत हात घालू नका, पाण्यातही उतरू नका.
– तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
– गरम डिझेल इंजिनच्या कूलंट टाकीचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.
– किनाऱ्यावर पाणी न लावता आउटबोर्ड चालवून बघू नका.

तुंबूच नये म्हणून

समुद्रातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवा. मीठ आणि वाळू आत बसत नाही. होडी उभी करताना इंजिन वर उचलून ठेवा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इंपेलर तपासून घ्या. नारळी पौर्णिमेच्या आधी मेकॅनिककडे गर्दी होते.

होडीत ब्रश, हातमोजे, तंगूस, पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जास्तीचा दोर कायम ठेवा. मोठ्या बोटीवर व्हॉल्व्हच्या मापाची लाकडी खुंटीही असावी. नळी निसटली तर तीच ठोकून पाणी थांबवता येतं.

समुद्रात अडकलात तर

इंजिन चालूच होत नसेल तर उगाच स्टार्टर मारत बॅटरी संपवू नका. नांगर धरून ठेवा, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा आणि अंधार पडायच्या आत मदत मागा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी सुरक्षा हेल्पलाइन १०९३. वायरलेस असेल तर चॅनल १६ वर बोला. आपण कुठे आहोत आणि होडीत किती माणसं आहेत, हे आधी सांगा.